ओटीकडच्या खिडकीचा चिक

४ मार्च १९६२

पोपटी! ओटीच्या भिंतींना पोपटी ऑइलपेंट! आजारी वासराच्या शेणाचा रंग. आणि वास तर सगळीकडे— भाताला, पाण्याला, देवाच्या नैवेद्याला. दुपारी दोन घास गिळले आणि उठले.

हे सगळं लीलेचं. दादाचा लवू मुंबईला नोकरीला आहे, ही त्याची बायको, गिरगावातली. लग्नाला चार महिने झाले. लवूला मुंबईत खोली मिळत नाही म्हणून बायको इथे मालवणात आणून सोडलीय. 'खोली मिळेपर्यंत, आत्या!' तोवर ही आमचं घर सजवते आहे. कोणी सांगितलं होतं? मासिकांतली चित्रं कापते, वहीत चिकटवते आणि त्याबरहुकूम घरातली एकेक वस्तू हलते. आज सावंतवाडीची लाकडी फळांची परडी गेली. आंबा, केळं, सीताफळ— लाखेचा रंग अजून कालच्यासारखा होता. तिच्या जागी काय, तर प्लॅस्टिकची द्राक्षं. धूळ बसली की धुता येतात म्हणे. द्राक्षं साबणाने धुवायची!

वैनी खूश. 'घरात कसो उजेड पडलो!' म्हणाली. पडेल नाहीतर काय. डोळे फुटायची वेळ आलीय.

५ मार्च

द्राक्षांवर मुंगी फिरकत नाही. मुंग्यांना अक्कल आहे.

९ मार्च

संध्याकाळी जयराम मास्तर आले. येणारच. दाजींचे— माझ्या वडिलांचे— डोळे गेले त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून हा माणूस शाळा सुटली की आमच्या ओटीवर येऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो. पेपर शाळेचा, मुंबईहून येणारा, एक दिवस शिळा. वाचून झाला की घडी घालून परत नेतो. म्हणून मला पेपर मिळतो तो कानानेच. मी माजघरात, ओटीकडच्या खिडकीशी, विणलेल्या लाकडी चिकाच्या आड पाट घेऊन बसते. विधवेने ओटीवर बसायचं नाही, ही या घराची रीत. पण चिकाच्या आड बसलं तर कोणाचं काय जातं? मला ओटी दिसते, ओटीपुढचं खळं दिसतं, फाटक दिसतं, रस्त्याने कोण गेलं ते दिसतं. मी कोणाला दिसत नाही. दिवसभरातला हाच एक तास माझा.

पण तो वाचणारा! एकेक बातमी गाय चारा चघळते तशी चघळतो. मध्येच तपकीर. मग खाकरणं. मग शिंक. मग तो रुमाल— त्या रुमालाबद्दल न लिहिलेलं बरं. दर दहा मिनिटांनी विचारतो, 'दाजीनु, आयकाक येता मां?' दाजी कानांनी अर्धे आणि एव्हाना घोरायला लागलेले. कोणाला विचारतो देव जाणे!

शिवाय हट्टी. दिवेलागण झाली, माजघरात कंदील लागला, तरी ओटीवर दिवा आणू देणार नाही. 'कशाक? दिसता अजून.' आणि काळोखात वाचत राहतो. घुबड.

मी आत बसून त्याची नक्कल करते. तपकिरीची चिमूट, मान वर, डोळे मिटलेले, 'हाऽऽक्—'! बेचाळीस वर्षांची बाई आणि असले चाळे. पण करते.

१० मार्च

आज मास्तर खोबऱ्याचे भाव वाचताना हसले. एकटेच, फिसकन. खोबऱ्याच्या भावात हसण्यासारखं काय असतं? डोकं फिरत चाललंय बिचाऱ्याचं.

१४ मार्च

मास्तरांनी सुरंगीच्या फुलांचा वळेसार आणला. दर वर्षी शिमग्याच्या सुमारास आणतात आणि खिडकीच्या फळीवर ठेवून जातात. 'आनंदीक.' आनंदी म्हणजे लवूची बहीण. ती लग्न होऊन बेळगावला गेली त्याला तीन वर्षं झाली! वैनीने मागल्या साली सांगितलं, त्याच्या आदल्या साली सांगितलं. 'व्हय व्हय, इसारलंय,' म्हणतात. आणि परत हजर! असल्या विसराळू माणसाच्या हाती शाळेतली पोरं.

वैनीला सुरंगीने डोकं चढतं. लीलेला वास 'गावठी' वाटतो. वळेसार फळीवरच पडून राहतो.

पुढचं लिहू नये. लिहिते. कंदील लागल्यावर मी तो आत ओढून घेतला आणि अंबाड्यात खोवला. मास्तर शेवटचं पान वाचत होते तेवढा वेळ. मग काढून पोफळीच्या आळ्यात टाकला. तीन वर्षं हेच करते आहे. माझीच मला किळस येते. पण कोण बघतंय? चिक आहे ना.

१५ मार्च

डोक्याला अजून वास आहे. दोनदा न्हाले.

१७ मार्च

मला धास्ती होतीच. आज लीलेची नजर चिकावर गेली.

'आत्या, हे काय हो? गोठ्याला असतं तसलं! किती काळोख होतो त्याने!'

गोठ्याला! हा चिक बुरुडाकडचा बांबूचा नव्हे, बाई. शिवणीच्या लाकडाच्या काडीएवढ्या पट्ट्या, सगळ्या एका जाडीच्या, आणि पिळाच्या सुताने विणलेल्या. कडेला लाल-हिरवी लाखेची पट्टी. दाजींनी सावंतवाडीला एका खेळणी करणाऱ्या म्हाताऱ्याकडून मुद्दाम करून घेतला. १९३९ साल. मी एकोणीस वर्षांची, घो जाऊन दोन महिने झालेले, माहेरी परत आणलेली. पोरगी माजघरात घुसमटून मरेल, तिला वारा तरी लागू दे, म्हणून दाजींनी या खिडकीवर तो लावला. माझ्यासाठी. घरात माझ्यासाठी म्हणून आलेली ती एकच वस्तू.

लावल्या दिवशी दाजींनी परीक्षा घेतली. मला आत उभं केलं, दादाला बाहेर खळ्यात. 'हरिश्चंद्रा, दिसता काय?' दादाने हात कपाळावर धरला, पुढे आला, मागे गेला. 'काय एक दिसना नाय!' भर दुपार, बारा वाजलेले. आत मी दादाच्या नाकावरचा घाम मोजत होते. त्या वर्षात पहिल्यांदा हसले असेन.

तेव्हापासून घरची खात्री— चिकाच्या आड बाई म्हणजे बाई नाहीच तिथे.

२० मार्च

तुळसाने आज भाजलेली सुकी सुंगटं दिली, पानात गुंडाळून, पदराखालून. ती आमच्याकडे खळं झाडायला आणि भांड्यांना येते. माझं मासळीचं वेड तिला ठाऊक आहे. विधवेला मासळी वर्ज्य. समुद्राकाठी जन्मून! 'खावा नर्मदाबाय, देवाक सांगतलां मी,' म्हणते. चिकाच्या आड बसून खाल्ली, मास्तर अग्रलेख वाचत होते तेव्हा. बोटं चाटली. अग्रलेख चांगला होता.

२६ मार्च

जेवताना विषय निघाला. लीलेने लवूचं पत्र आणवलंय— 'लीला म्हणते तसं करा, मे महिन्यात माझे मित्र येणार आहेत.' वैनी तिच्या बाजूला. 'लोकांका बरां दिसाक व्हया.' मी म्हटलं, तो चिक माझा आहे. असं स्पष्ट या घरात मी कधी बोलले नव्हते. सगळे ताटात बघायला लागले. दादा म्हणाला, 'नर्मदे, चिकाक काय इतक्या? पडदो लायलो तरी तू आतच रवतलंस मां?'

दाजी भात चिवडत बसले. ऐकू आलं की नाही कोण जाणे.

१ एप्रिल

गेला चिक.

लीलेने स्टुलावर चढून दोऱ्या कापल्या. सोडवल्या नाहीत— कापल्या! तेवीस वर्षांची धूळ पडली तशी नाकाला पदर लावून 'ईऽऽ' केलं. दादा म्हणाला, 'तुळसाक दी गो, तिका कामाक येतलो.' तुळसाने गुंडाळून डोक्यावर घेतला. माझ्याकडे बघितलं नाही तिने.

आता तिथे पडदा आहे. गुलाबांचा. एकेक गुलाब फणसाएवढा, रंग जखमेसारखा, भोवती निळी पानं. निळी! देवाने सुद्धा अजून निळी पानं केली नाहीत. वर झालर. आतून जाड अस्तर, का तर 'फॉल चांगला बसतो'. मला ओकारी येते त्याच्याकडे बघून. खरंच मागीलदारी जाऊन आले.

३ एप्रिल

पडद्याच्या आड बसले. काही दिसत नाही. गुलाबाची पाठ दिसते. ऐकू येतं तेही गोधडीतून आल्यासारखं.

मास्तर आले तेव्हा ओटीवर चपला थबकल्या. मग खुर्ची सरकवली. वाचलं पहिलं पान आणि दुसरं, आणि दिवेलागणीच्या आधीच घडी घालून उठले. पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं.

११ एप्रिल

पुन्हा तेच. वीस मिनिटं. घाईघाईत, मुलांकडून पाढे म्हणून घ्यावेत तसं. एकदाही 'आयकाक येता मां' नाही. कामचुकार! इतकी वर्षं चहा पाजला त्याचं हे फळ.

२० मे

लवूचे दोन मित्र येऊन गेले. पोपटी भिंत, प्लॅस्टिकची द्राक्षं, गुलाब— 'वा वहिनी! अगदी मुंबईचा फ्लॅट!' आमचं घर मुंबईचा फ्लॅट का व्हावं? जेवणानंतर त्यातल्या एकाने आंब्याचे हात गुलाबांना पुसले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. पडद्यावर पिवळे पंजे. या एका गोष्टीने दिवसभर बरं वाटलं.

लवूला खोली मिळालेली नाही.

८ जुलै

पडद्याला बुरशी. अस्तरात काळे ठिपके. जवळ गेलं की ओल्या कुत्र्याचा वास. लीला दर आठ दिवसांनी धुते आणि चुलीवर वाळवते, आता गुलाबांना धुराचा वास आहे. चिकाला पावसात काही व्हायचं नाही. सुताला जरा मेण लावलं की झालं.

मास्तर आठवड्यातून दोनदा येतात, कधी एकदा. 'शाळेत कामां आसत.'

१३ सप्टेंबर

चवथ झाली. गणपती पोचवले. आज मास्तर निरोप घ्यायला आले. नोकरी संपली, आरोंद्याला जातात, खाडीकाठी त्यांचं घर आहे, भाऊ आहे. बायको केव्हाच वारलेली, मूल नाही.

मी पडद्याच्या आड उभी होते. मास्तर दाजींना म्हणाले, 'दाजीनु, कायतरी चुकला आसात तर—' दाजी म्हणाले, 'तुझा काय चुकतला रे मेल्या!' मग मास्तरांनी लीलेला विचारलं, 'हय एक चिक होतो. खंय गेलो?'

'काढला. फार जुनाट होता.'

'बरो होतो,' म्हणाले.

तपकिरीची डबी वाजली. चपला वाजल्या. फाटक वाजलं. मी आत होते. मी काय म्हणणार होते? चांगलं झालं. आता तो रुमाल बघायला नको.

१४ सप्टेंबर

संध्याकाळ फार लांब असते.

२८ ऑक्टोबर

चीनशी लढाई सुरू झालीय! सगळं गाव बोलतंय आणि मला काही कळत नाही. कुठे पोचले? किती माणसं गेली? दादाला विचारलं. 'चालू आसा,' म्हणाला. पेपर आण म्हटलं तर म्हणतो, 'बायल माणसांक लढाई कित्याक व्हयी?' दुकानात बसून स्वतः वाचतो आणि त्याच कागदात काथ्याचे दोर गुंडाळून विकतो.

लीलेने दाजींना वाचून दाखवायचा प्रयत्न केला. आधी सिनेमाच्या जाहिराती, मग साबणाच्या. दाजी म्हणाले, 'बायो, तू रव. चीनवालो काय साबण लावन येवचो नाय.' मला हसू आलं. मग मास्तर असते तर, असं मनात आलं आणि हसू गेलं. त्यांनी नकाशा सांगितला असता. कुठला डोंगर, कुठली नदी, सगळं. दाजींना दोनदा सांगितलं असतं म्हणजे मलाही एकदा नीट कळलं असतं.

त्या वाचण्याशिवाय माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. हे आज लिहून टाकते. दळण, निवडण, टिपण, जप— आणि तो एक तास. तेवढाच घेतला यांनी. गुलाबांसाठी.

२ डिसेंबर

लीला मागीलदारी रडत होती. लवूचं पत्र— खोली हातची गेली, आणखी सहा महिने. तिची ती वही उघडी पडली होती. शेवटच्या पानावर चित्र नाही, तिने पेन्सिलीने काढलंय. एक खोली, एक खिडकी, एक खाट, स्टोव्ह. खाली लिहिलंय— आमची.

मी पोळी वाढली. ती म्हणाली, 'आत्या, तुम्हाला माझा राग येतो ना?' मी म्हटलं, तुझ्या पडद्याचा येतो. खरं तेच सांगितलं. ती रडता रडता हसली. स्वतःला घर नाही म्हणून पोर आमच्या घरात घर-घर खेळत होती. हे मला नऊ महिने दिसलं नाही. शी. मीही काही कमी नाही.

१९ जानेवारी १९६३

लवूने आंधळ्या दाजींसाठी आणलेली, मी उचललेली ही डायरी संपली. आता मागच्या कोऱ्या पानांवर.

तुळसा चार दिवस आली नाही म्हणून तिच्या घराकडे गेले. ताप आहे. आणि अंगणात चिक! जमिनीवर चार दगडांवर पसरलेला, त्यावर सुंगटं वाळत. माशा. कावळे. एका कोपऱ्यात मांजर बसलेलं. लाल-हिरवी पट्टी खाऱ्या पाण्याने पांढरी पडलीय.

तुळसा पडवीतून म्हणते, 'नर्मदाबाय, तुमच्या चिकावर काय झकास सुकतत! वारो खालसून पण लागता मां!'

खालून वारा. हो, ते खरं. त्यासाठीच केला होता.

१५ फेब्रुवारी

ऐकावं ते नवल! लीला मासिक नाचवत आली. 'आत्या, आत्या! आता मुंबईत पडदे कोणी लावतच नाही! लाकडी विणलेले चिक! ही बघा, मोठमोठ्या बंगल्यांतून! आपला कुठे आहे?'

चित्र बघितलं. कोणा शेठाणीच्या दिवाणखान्यात चिक आणि त्याच्याखाली— सावंतवाडीची लाकडी फळं. परडीसकट.

मला इतका संताप आला! गोठ्याला असतं तसलं! कापलेल्या दोऱ्या! ईऽऽ! तेच डोळे, तोच चिक, पण मासिकात छापून आला की सुंदर झाला. वैनी म्हणते, 'मी पयलीच सांगलेलंय, चिक बरो होतो.' कधी सांगितलंस गो?

मग म्हटलं, तुळसाकडे आहे, सुंगटांखाली. जा, आण. बघू किती आवड आहे.

गेली! नाक न धरता उचलून आणला. तुळसाला बदल्यात तो गुलाबांचा पडदा दिला. आता सुंगटं गुलाबांवर वाळतील.

२४ फेब्रुवारी

हे लिहायला हवं.

चिक रिठ्याने चार वेळा धुतला, उन्हात टाकला, सुताला मेण लावलं. सुंगटांचा वास आहेच. आज संध्याकाळी लीला टांगायला लागली. खिळा बसेना. उशीर झाला, दिवेलागण झाली. ती आत स्टुलावर, कंदील तिच्या मागे खुंटीला. मला म्हणाली, 'आत्या, बाहेरून बघा ना, सरळ आहे का?' ओटीवर दाजींशिवाय कोणी नव्हतं. गेले. मास्तरांची खुर्ची अजून तिथेच आहे. तिच्यामागे उभी राहिले आणि बघितलं.

लीला दिसत होती.

सावली नव्हे. लीला! दातांत धरलेली दोरी, कपाळावरचं कुंकू, मंगळसूत्राच्या वाट्या, बोटाला बांधलेली चिंधी सुद्धा. ओटीवर काळोख, आत कंदील— चिक होता की नव्हताच!

'आत्या? दिसतंय ना?'

दिसतंय म्हटलं.

पंधरा वर्षं! शी, शी, शी! तपकिरीची चिमूट. 'हाऽऽक्—'. खोबऱ्याच्या भावात तो का हसला ते आज कळलं. बोटं चाटायची मी, विधवा बाई! फणीने पाठ खाजवायची. आणि सुरंगी— अरे देवा, सुरंगी! आनंदी सासरी गेल्याचं विसरला नव्हता तो.

दादाने बघितलं ते भर दुपारी. दिवा लावून कोणी बघितलंच नाही. बघणार कोण? दिवेलागणीला खिडकीची कवाडं लावायची घरची रीत. वाचन असलं की तेवढा वेळ उघडी, ते संपलं की मी स्वतः लावून घ्यायची. दादा दुकानातून त्यानंतर येणार. वैनी चुलीशी. रस्त्यावरून फार तर उजेड दिसणार. तुळसा मागल्या दाराने जाणार. दाजींना डोळे नाहीत. राहिला एकच माणूस. तो ओटीवर दिवा आणू देत नव्हता.

काळोखात वाचत नव्हताच तो. शाळेत वाचून, पाठ करून यायचा. 'आयकाक येता मां?' विचारायचा आणि मी आत सवयीने मान हलवायची. मग पुढची बातमी.

आणि गावात एक अक्षर नाही. सुंगटांचं नाही, सुरंगीचं नाही. या गावात! जिथे कोणाच्या घरी काय शिजलं ते चार घरं आधी कळतं!

संताप येतोय. लाजेने मरावंसं वाटतंय. आणि मध्येच हसू येतंय, ते आवरत नाही.

२७ फेब्रुवारी

आरोंद्याला कार्ड लिहिलं, दाजींच्या नावाने. 'चिक पुन्हा लावला आहे. वाचनास यावे.' दाजींना वाचून दाखवलं.

दाजी म्हणाले, 'माका खंय वाची होतो तो? मी तर घोरत असायचंय.' मग खाटेवर हाताने चाचपून माझा हात धरला. 'चिक आसांदे थंयच. नर्मदा आता ओटीर बसता, असां लिव.'

कार्ड फाडलं. दुसरं लिहिलं, माझ्या नावाने. खोटं लिहायला नको, म्हणून आधी कंदील घेऊन ओटीवर गेले आणि तिथे बसून लिहिलं. रस्त्याने माणसं जात होती. थांबून बघत होती.

बघोत.